गाऱ्हाण्यातले जॉबर

आमच्या कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात घेऊन मोठ्याने देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. शाळा माझी चौथीत सुटली, पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालावं तर मीच. आवाजच तसा आहे.

मुलाच्या लग्नानंतर दर गणपतीत मी सुनेसाठी म्हणायचो, "हिची कूस उजव रे महाराजा." यंदा गणपती तोंडावर आले तशी सून म्हणाली, "बाबा, ह्या वेळी माझी कूस नको. माझे रिपोर्ट चांगले आहेत. कमी आहे ती ह्यांच्यात. आणि टोमणे मात्र मी खाते."

"आमच्या घराण्यात पुरुषात कमी नसते."

"मग चला डॉक्टरकडे. त्यांनाच सांगा."

गेलो तिघे. मी काय घाबरतो होय?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, शुक्राणूंमध्ये बारीक बारीक आरएनए असतात. त्यातले काही स्वतः काहीच बनवत नाहीत. कुठल्या जीनने काम करायचं, कुठल्या जीनने गप्प बसायचं, एवढंच बघतात. माणूस सतत ताणात असला की त्यांचा मेळ बिघडतो आणि शुक्राणू नीट घडत नाहीत, असं संशोधनात दिसतंय."

तरुणपणी मी कापडगिरणीत होतो. म्हटलं, "म्हणजे आमचा जॉबर, खात्यावरचा मुकादम! स्वतः साचा चालवत नाही, पण त्याचं डोकं फिरलं की अख्ख्या खात्याची वाट लागली."

त्या हसल्या. "साधारण तसंच. पण तुमच्या मुलात नेमकं हेच झालंय, असं छातीठोक नाही सांगणार मी. ताण कमी करू दे, झोपू दे. मग परत तपासू."

मुलगा पवईला कामाला. त्याचा फोन जेवताना वाजतो, संडासातही वाजतो. परतताना रिक्षात त्याला विचारलं, "तुझं नाव चारचौघांत घेऊ?"

तो बाहेर बघत म्हणाला, "घ्या. तिने इतकी वर्षं ऐकलंच ना?"

गणपतीला चाळ जमली. मी नारळ उचलला. "बा गणराया, ह्या माझ्या लेकाच्या डोक्यावरचा ताण काढ रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"त्याच्या आतले जॉबर बिघडलेत, ते ताळ्यावर आण रे महाराजा!"

माझी बहीण म्हणाली, "रे, हे कसले जॉबर? आणि सुनेची कूस राहिली!"

"कूस ठणठणीत आहे तिची. कमी आमच्याकडे आहे. तू होय म्हण गो आधी."

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. "ऐकलंस देवा? हाच तो ताण!" मी ओरडलो. चाळ हसत सुटली. मुलाने फोन बंद करून खिशात टाकला, आणि "होय महाराजा" सगळ्यांत मोठ्याने म्हणाली ती सून.