कुंपणाबाहेरची एक ओळ

ड्रोन उडवायला अक्कल लागत नाही, असं बाबा मला तोंडावर सांगायचे. माझं पोट ड्रोन उडवण्यावरच चालतं. त्यांच्या मते अक्कल लागते ती प्लॅन काढायला. टॅबलेटवर शेताचा उपग्रहानं घेतलेला फोटो उघडायचा, बोटानं चारी बाजूंची हद्द आखायची, उंची ठरवायची. मग अॅप त्या हद्दीत समांतर ओळी आखून देतं आणि ड्रोन मुकाट्यानं त्या ओळींवरून ये-जा करत फोटो काढतो. हद्द चुकली की सगळंच मुसळ केरात. बाबांची उभी हयात सरकारी जमीन मोजणीत गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर ते माझ्या धंद्यात शिरले. मी बोलावलं नव्हतं, ते आपले आले.

मी लग्न होऊन अकोल्याला, आईबाबा अमरावतीला. कामं दोन्हीकडची: संत्र्याच्या बागा, प्लॉटचे नवे लेआउट, पुराच्या पाण्यात बुडालेली शेतं. माझा जुना टॅबलेट मी बाबांना दिला होता. ते घरी बसून प्लॅन काढत आणि मला पाठवत. शेअरचं बटन दाबलं की प्लॅनची फाइल व्हॉट्सअॅपवर माझ्याकडे येई, मी ती उघडायची, आणि फोन रिमोटला लावला की त्यांनी आखलेल्या ओळी जशाच्या तशा माझ्या पडद्यावर. ओळी येत, उंची येत असे. अमुक ओळ तिथूनच का नेली, ते मात्र फाइलमध्ये येत नसे.

त्यावरूनच आमची जुंपायची. बाबा प्रत्येक प्लॅनमध्ये हद्दीच्या बाहेर, कुंपणापलीकडे, एक ओळ जास्तीची काढत. "कुंपणावर भरोसा ठेवू नोको," म्हणायचे. "शेजाऱ्याच्या वावराचा पट्टा फोटोत आला, तवाच समजते बांध खरा कुठं हाये ते." मी म्हणायची, त्या एका ओळीपायी बॅटरी पुरत नाही. ते म्हणत, बॅटरी बदल. मी ती ओळ माझ्या फोनवर पुसून टाकायची. पाठवलेला प्लॅन आणि मूळचा प्लॅन यांचा मग एकमेकांशी संबंध राहत नाही, त्यामुळे त्यांच्या टॅबलेटवर ती ओळ तशीच असे. पण फोटो बघितले की त्यांना कळायचंच, आणि मग दोन दिवस आमचं बोलणं बंद.

शेवटी त्यांनी कायदाच काढला. "ज्यानं प्लॅन काढला, त्यानं वावरात उभं रायाचं." तेव्हापासून त्यांचा प्लॅन असला की मी अकोल्याहून गाडी काढायची, अमरावतीला त्यांना घ्यायचं आणि पुढे जायचं. मी पोचेपर्यंत ते डोक्यावर पांढरी टोपी घालून फाटकाशी उभे असत. वावरात ड्रोन जमिनीवरून उठताना पंख्यांचा वारा लागतो, म्हणून ते उजव्या हातानं टोपी दाबून धरत. ड्रोन वर गेला की हात खाली. टोपी न घालता आले असते तर हा त्रासच नव्हता, हे मी त्यांना कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर ते बाबा कसले.

एका संध्याकाळी त्यांनी तिवशाजवळच्या एका संत्र्याच्या बागेचा प्लॅन पाठवला. मालकाला वाळलेली झाडं किती आणि कुठे, ते बघायचं होतं. सकाळी मी गेले तर फाटकाशी बाबा नव्हते. आई आत त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत होती. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचा गेली, वाचता येत होतं तेही गेलं. काही आठवड्यांनी एक शब्द परत आला, तो म्हणजे "मंगळवार". चहा पाहिजे, मंगळवार. पंखा बंद करा, मंगळवार. असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले. मंगळवारच का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तिवशाचं काम मी नंतर माझाच प्लॅन काढून उरकून टाकलं.

हिवाळ्यात एका दुपारी मी अकोल्यात एका लेआउटवर उभी होते आणि फोन वाजला. बाबांच्या टॅबलेटवरून प्लॅन आला होता, तिवशाच्या त्याच बागेचा. मला वाटलं, बोट लागलं असेल. टॅबलेट त्यांच्या उशाशीच असे आणि शेअर दाबलं की सगळ्यात वर माझाच फोटो येई. चार दिवसांनी तोच प्लॅन पुन्हा आला. मी पुन्हा दुर्लक्ष केलं. तिसऱ्यांदा आला तो जुना नव्हता, नव्यानं काढलेला होता. डाव्या हाताच्या बोटानं आखलेली हद्द वाकडीतिकडी, चालत्या एसटीत काढल्यासारखी. पण पूर्वेला कुंपणाबाहेर एक ओळ जास्तीची होती. मी तिथेच मुरमाच्या ढिगावर बसून रडले. माणूस आत शाबूत होता आणि आम्ही त्याला बशीतून चहा पाजत होतो.

त्यांना त्या बागेचं काय झालं हे कळायला हवं असणार, असं मी ठरवून टाकलं. माझ्याकडचे फोटो मोठे छापून घेतले आणि अमरावती गाठली. बाबांनी एक फोटो बघितला आणि गठ्ठा पलंगाखाली ढकलला. "मंगळवार!" बरोबर, मी मनाशी म्हटलं, यात त्यांची ओळ नाही. मग मी एकटीच तिवशाला जाऊन त्यांचा प्लॅन तसाच्या तसा उडवला, वाकड्या हद्दीसकट. ते फोटो त्यांच्यापुढे धरले. त्यांनी बाहेरच्या पट्ट्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार लागलं ते. दिवसभर उन्हात राबून हे असं.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईवर डाफरले. "काय पायजे काय त्यायले?"

"मले काय माईत," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "टॅबलेटवर बोट फिरवून झालं का टोपी मांगतेत. मी घालून देतो. मंग दरवाज्याकडं तोंड करून बसतेत. जेवाले बी उतरवत नाईत. मले वाटे, डोक्याले थंडी वाजत असन."

फोटो कुणाला हवे होते? प्लॅन काढणाऱ्यानं वावरात उभं राहायचं. ते दर खेपेला प्लॅन पाठवून, टोपी घालून, मी घ्यायला येण्याची वाट बघत होते.

मी म्हटलं, उद्या त्यांना तिवशाला नेते. आईनं तवा खाली उतरवला.

"तुह्यं डोकं फिरलं का? पलंगावरून उतरताना दोघं लागतेत त्यायले. ढेकळात पडले तं? हाड मोडलं तं कोन करन त्यायचं? तू तं जाशीन अकोल्याले."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. आमची बरीच बोलाचाल झाली. आत बाबा सगळं ऐकत असणार, कारण एका गप्प क्षणी तिकडून "मंगळवार" आलं. आवाज चढवून नाही, अजिजीनं. बाबांनी आमच्याकडे कधी कशाची याचना केली नव्हती. आईनं हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मी बी येतो मंग. आन् गाडी हळू चालवजो."

बाग एका मुसलमान फळव्यापाऱ्यांची, वय बाबांइतकंच. मी त्यांना चाचा म्हणते. गाडी बघून ते आले आणि मागच्या सीटवर बाबांना बघून थबकले. बाबा आजारी पडल्याचं त्यांना मी सांगितलं होतं, पण असे दिसतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. लगेच सावरले.

"अरे साहब आले! या, या. पन ताई, परवाच तं उडवून गेल्या तुमी. संत्रा कवाचा उतरला. आता काय पाहता?"

"साहेबांचा प्लॅन हाये, चाचा."

"मंग ठीक हाये," म्हणाले, आणि स्वतः जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. जमीन भुसभुशीत होती, म्हणून खुर्चीच्या पायांखाली फळी सरकवली. संत्र्याचं रिकामं क्रेट पालथं घालून बाबांचा लुळा पाय त्यावर अलगद ठेवला. आई गाडीजवळ डबे काढत बसली, डोळा इकडेच.

मी टॅबलेट बाबांच्या मांडीवर दिला आणि दोन पावलांवर ड्रोन मांडला. त्यांनी मान वर करून बाग नीट बघितली. पूर्वेच्या कुंपणाकडे जरा जास्तच वेळ. तिकडे शेजाऱ्यानं नवे सिमेंटचे खांब रोवले होते. मग डावं बोट पडद्यावर टेकलं आणि हद्द आणखी बाहेर ओढली. जास्तीची एक ओळ होती, तिच्या दोन झाल्या.

"बाबा, एक ठीक हाये. दोन नाई."

"मंगळवार."

"बॅटरी पुरत नाई न! गेल्या खेपेले एवढ्यातच बोंबलली होती."

"मंगळवार!" त्यांनी डाव्या हातानं माझ्या बॅटरीच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"एका ओळीसाठी मधातच उतरवू, बदलू, परत चढवू? तुमाले नुसतं सांगाले काय जाते! उडवाव मले लागते!"

"मंगळवार! मंगळवार!" ते खुर्चीच्या हातावर थाप मारू लागले. मी आणखी चढा आवाज लावला. चाचा दोन पावलं मागे सरले.

आई धावत आली. "काऊन वरडून राह्यली व त्यायच्यावर? बिमार मानूस हाये तो!"

झटका आल्यापासून त्या माणसावर कुणी आवाज चढवला नव्हता. डॉक्टर, शेजारी, आई, मी, सगळे त्यांच्याशी तान्ह्या पोराशी बोलावं तसं हळू, गोड बोलत आलो होतो. मीसुद्धा. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा लाल, श्वास जोरात, आणि डोळ्यांत पाणी नव्हतं तर भांडण होतं, अगदी जुनं, आमचं. इतक्या महिन्यांत मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं.

रिमोटला लावलेला माझा फोन वाजला. दोन पावलांवरच्या खुर्चीतून प्लॅन आला होता. मी तो उघडला. पूर्वेला कुंपणाबाहेर दोन ओळी.

"उडवतो," मी रागातच म्हणाले, "पन बॅटरी संपली तं मले सांगू नोका."

आई पुढे होऊन त्यांचा खांदा धरणार होती. मी मानेनंच नको म्हटलं. पंखे फिरू लागले, वाळलेला पाला उडाला, आणि बाबांनी डाव्या हातानं टोपी घट्ट दाबून धरली.