जिथं चिमणी तिथं मुक्काम

आमच्या वसाहतीत कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त फिरलेला माणूस कोण? लोक आमच्याच दाराकडं बोट दाखवतील. आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन आहेत. उसाचा रस आटवून ज्या भल्या मोठ्या भांड्यात साखरेचा दाणा धरतात, त्या भांड्यापाशी उभं राहायचं हे यांचं काम. हंगामात या माणसाला घरदार आठवत नाही. पण उन्हाळ्यात ऊस संपला, कारखान्याचा पट्टा पडला आणि चिमणीचा धूर थांबला, की यांच्या पायाला भिंगरी लागते. "चल, जरा जग बघून यिऊ," म्हणायचं आणि पिशवी उचलायची.

मी संगमनेरची, सातवीपर्यंत शिकलेली. हे कर्जतकडचे, बोलणं अजून तिकडचंच. पगार बेताचा, पण हौस दांडगी. लॉजमध्ये उतरू म्हटलं की यांना राग यायचा. "पैशे टाकून झोपायचं? मानूस काय गोदामातलं पोतं हाय का, भाडं भरून ठिवायला?"

मग फिरायचं कसं? त्याची यांनी एक रीत बसवली होती. जिथं म्हणून साखर कारखाना, तिथं पॅनमन असणारच. आणि हे काम काही शाळेत शिकवत नाहीत. कुणी कुणाच्या हाताखाली, कुणी कुणाच्या जोडीला राबूनच ते शिकतो. त्यामुळं दोन वाक्यांत ओळख निघते. पॅनमनच्या दारी पॅनमन आला तर त्याला खाट, अंथरूण आणि दोन वेळचं जेवण द्यायचं, असा त्यांच्यातला कायदाच होता. जायला गाडीही फुकट. कारखान्याचा ट्रक कुठं सुटे भाग आणायला निघाला, की ड्रायव्हर सत्तारभाईंच्या शेजारी आम्ही दोघं. सत्तारभाई हसून म्हणायचे, "नाथाभाऊचं काय, जिथं चिमणी तिथं मुक्काम!" त्यावर हे म्हणायचे, "फुकट ते पौष्टिक." कोल्हापूर, सांगली, सातारा, नाशिक, सगळीकडं आम्ही असेच जाऊन आलो.

भेट म्हणून काय न्यायचं? साखर! साखर कारखान्यातल्या माणसाकडं हा बाबा साखर घेऊन जायचा. आपल्या हातचा दाणा दुसऱ्या पॅनमनला दाखवल्याशिवाय यांना चैन पडत नसे. तिकडचा पॅनमनही काही कमी नसायचा. तोही आपली साखर आणायचा आणि दोघं अंगणात उन्हाला बसून तळहातावर दाणे पसरायचे. "तुमचा दाना टपोरा हाय, पर जरा पिवळा मारतोय." "आन तुमचा पांढरा हाय, पर बारीक हाय की वो." तासभर हेच चालायचं. निघताना ते त्यांची साखर आमच्या पदरात घालायचे. पिशवीभर न्यायची आणि पिशवीभर आणायची. ओझं मात्र कायम माझ्या काखेत.

शेजारच्या छबूबाईला माझा हेवा वाटायचा. "मालनबाई, तुझं नशीब थोर गं बाई! आमच्या मानसानं मला बाजाराच्या पुढं काय दावलं न्हाई." मी नुसती हसायची. तिला काय सांगणार? मी काय बघितलं होतं? चुली! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना, त्या मी गावोगावी जाऊन, पुढ्यात बसून बघितल्या होत्या.

कोल्हापूरकडं गेलो तेव्हाची गोष्ट सांगते. हे आणि यांचे मित्र रंकाळा बघायला निघाले. मीही पदर सारखा करून उठले. तेवढ्यात आत नजर गेली. मित्राची बायको एकटीच, कडेवर तान्हं पोर, पुढ्यात परातभर पीठ, आणि ताटं वाढायची आम्हा सगळ्यांची. आता सांगा, मी कोणत्या तोंडानं बाहेर पडू? ती 'थांबा' म्हणाली नाही की 'बसा' म्हणाली नाही. मीच हात धुतले आणि भाकरी थापायला बसले. तिचा काही दोष नव्हता. पाव्हणे आल्यानं तिचं काम वाढलं होतं, तेवढं मी हलकं केलं. संध्याकाळी जेवताना हे सांगायला लागले, "लई भारी हुतं बघ. एवढं पानी, एवढं पानी!" मी वाढता वाढता ऐकलं.

असं सगळीकडं झालं. आणि कमाल अशी, की परत आल्यावर हे ओट्यावर बसून लोकांना सांगायचे, "आमी दोघांनी रंकाळा बघितला." खोटं बोलायचे नाहीत हो! यांना खरंच तसं वाटायचं. आपण बायकोला नेलं, बायकोनं बघितलं, झालं. मी भांडून बघितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. "अगं, तुला नेतो तरी! वसाहतीत दुसरं कोन बायकूला फिरायला नेतं?" हे खरं होतं, म्हणून मला पुढं बोलता यायचं नाही. पण राग यायचा. पोटातल्या पोटात फार राग यायचा.

एकाहत्तर साली मात्र मी ठरवलं. श्रावण होता, कारखाना बंद होता, हे पिशवी शोधत होते. मी म्हटलं, "या खेपेला गाव मी सांगणार. भंडारदरा."

"तितं काय हाय?"

"धबधबा आहे."

हे विचारात पडले. "पर तितं कारखाना न्हाई."

"म्हणूनच तर," मी म्हटलं. "एस्टीनं जायचं, खानावळीत जेवायचं, देवळात नाहीतर धर्मशाळेत पडायचं. कुणाच्या घरी उतरायचं नाही. मला एकदा दुसऱ्याच्या हातचं आयतं जेवायचंय आणि माझ्या डोळ्यांनी पाणी बघायचंय. कबूल असेल तर चला."

"कबूल," म्हणाले. पिशवीत साखर भरलीच तरी! मी म्हटलं, आता ही कुणाला दाखवणार? तर म्हणे, असू दे, चहाला होईल.

संगमनेरहून जवळच्या अकोले गावाची एस्टी धरली. अकोल्याच्या पुढं डोंगर सुरू झाले, भातखाचरं हिरवीगार, ढग खाली उतरलेले. मी खिडकीशी बसले होते. पोटात कसं गार गार वाटत होतं. पण आमच्या ह्यांना गप्प बसवेल तर शपथ! पुढच्या बाकावर एक माणूस घोंगडी पांघरून बसला होता. यांनी त्याच्या खांद्याला हात लावून विचारलं, "पाव्हणं, कंचं गाव?"

म्हटलं, झालं, सुरू झाली यांची रीत!

त्याचं नाव सहादेव. भंडारदऱ्याच्या धरणावर नोकरीला, पाणी सोडायच्या आणि बंद करायच्या कामावर. राजूर येईपर्यंत असं निघालं, की त्याचा चुलतभाऊ एका साखर कारखान्यात फिटर आहे आणि आमच्या ह्यांनी त्याच्यासोबत एक हंगाम काढलाय. "मंग तुमी तर घरचंच निगालं की!" सहादेव म्हणाला. धरणाजवळच्या शेंडी गावात उतरलो तर त्यानं माझ्या हातातली पिशवी घेऊन चालायला सुरुवातही केली. मी यांचा सदरा मागून ओढला. "कबूल केलं होतं ना?" तर हे हळूच म्हणाले, "अगं, एवढं म्हनतोय मानूस. न्हाई म्हनलं तर बरं दिसतं का?"

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. आत पाऊल टाकलं आणि मला सगळं कळलं. चूल विझलेली, भांडी तशीच पडलेली. घरात बाईमाणूस नव्हतं. सहादेवची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. "वहिनी आल्या, लई बरं झालं," तो बिचारा मनापासून म्हणाला. "माझ्या हातची जळकी भाकर खाऊन तोंडाची चव गेली हुती." मग यांच्याकडं वळून म्हणाला, "चला पाव्हणं, धरनाखालचा धबधबा दावतो. आज चालू हाय, सांजच्याला पानी बंद करायचा हुकूम हाय. मंग कदी सुटंल सांगता येत न्हाई. वहिनी तवर चार भाकरी टाकतील."

आणि आमच्या ह्यांनी टोपी घातली! उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्हाला परत निघायचं होतं.

मी भिंतीला टेकून बसले होते, तशीच बसून राहिले. ओरडले नाही. मी म्हटलं, "आज भाकरी तुम्ही थापा."

"आँ?"

"मी धबधबा बघून येते. पीठ त्या डब्यात असेल. पाणी कोमट घ्या."

सहादेव पत्र्याकडं बघायला लागला. हे खुळ्यागत हसले. "अगं, पर मला भाकर येती का?"

"एवढ्या मोठ्या भांड्यात साखरेचा दाणा धरता, आणि मूठभर पिठाची भाकरी येत नाही? मलाही आईच्या पोटातून येत नव्हती. दोन जळतील, तिसरी जमेल." मग मी सहादेवला विचारलं, "भाऊजी, वाट कुठली?"

"खाली उतरा. आवाज यील तिकडं जावा," तो म्हणाला आणि त्यानं आपली घोंगडी मला दिली. पाव्हण्याला एकटं कसं टाकायचं, म्हणून तो घरीच थांबला. मी मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत फिरले असते, माझा मला काय भरवसा!

भुरभुर पाऊस होता. एका वळणाशी आवाज आला आणि पुढं गेल्यावर दिसलं. धरणाच्या भिंतीतून पाणी सुटत होतं आणि खालच्या गोल खडकावरून चारी बाजूंनी पसरून पडत होतं, उघडलेल्या छत्रीसारखं. पांढरं शुभ्र. मी एका दगडावर बसले, वहाणा काढल्या, पाय पाण्यात सोडले. पाणी इतकं गार, की घोटे बधिर झाले. तुषार तोंडावर येत होते, ते मी पुसले नाहीत. कुणी हाक मारत नव्हतं. 'मालनबाई, मीठ कुठंय' नाही, 'वहिनी, एक वाटी द्या' नाही. मला रडू फुटलं. खरं सांगते, मी तिथं पोटभर रडले आणि मग पोटभर बघितलं. दिवस कलायला लागला तशी वर कुणीतरी झडप फिरवली असावी. पाणी बारीक होत गेलं, खडक उघडा पडत गेला, आणि शेवटी नुसतं ठिबकायला लागलं. तेही मी बघितलं आणि मगच उठले.

घरी आले तर धूरच धूर. आमचे हे चुलीपुढं घामाघूम, कोपरापर्यंत पीठ. टोपी तशीच डोक्यावर. परातीत भाकरी होत्या, म्हणजे भाकरीच म्हणायच्या. कडा जाड, मध्ये कच्च्या, खाली करपलेल्या. सहादेवनं पिठलं केलं होतं, त्यात गाठी. दोघांनी मला पाटावर बसवलं आणि वाढलं. मी तीच भाकरी खाल्ली, आवडीनं खाल्ली.

"कसा हुता?" यांनी विचारलं.

मी सांगितलं. पाणी कसं सुटत होतं, कसं पसरत होतं, पाय कसे बधिर झाले, शेवटी ठिबकत कसं राहिलं. हे ऐकत होते. ऐकता ऐकता यांचा घास हातातच राहिला.

"मंजी," हे हळूच म्हणाले, "औदुंबरला आमी घाटावर गेलो, तवा तू न्हवतीस?"

"नव्हते."

"आन नाशिकला, गंगेवर?"

"नाही."

"कुटंच न्हाई?"

"तुम्ही येऊन सांगितलंत तेवढं बघितलं."

हे खाली मान घालून ती करपलेली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळत राहिले. सकाळी गाडीत कुणालाही गाव विचारलं नाही.

वसाहतीत आलो तर छबूबाई दारातच. "नाथाभाऊ, कसा हुता वो धबधबा?" मला वाटलं, आता सुरू होणार. तर हे म्हणाले, "मी न्हाई बघितला. मालननं बघितला. तिला इचारा." चारचौघांत यांनी माझं नाव घेतलं होतं. आमच्यात नवरा असं बायकोचं नाव घेत नाही, 'ही' म्हणतो, 'मंडळी' म्हणतो. मी लाजले आणि मग सांगायला लागले.

"फुडल्या साली आपुन दोघं जाऊ," हे म्हणाले होते. पण पुढल्या साली पाऊसच पडला नाही. ऊस शेतात वाळला, कारखाना चार दिवस चालला न चालला तोच बंद पडला. विहिरी आटल्या, वसाहतीत टँकर येऊ लागला. त्या उन्हाळ्यात कसलं फिरणं आणि कसलं काय. संध्याकाळी बायका घागरी रांगेत लावून आमच्या ओट्यावर टँकरची वाट बघत बसायच्या. सगळ्यांची तोंडं सुकलेली. मग आमचे हे दाराशी उकिडवे बसून म्हणायचे, "सांग की गं, ते पानी कसं पडत हुतं?"

मी सांगायची. बायका गप्प होऊन ऐकायच्या. कुणी म्हणायची, "आनखी सांग." आणि हे त्या सगळ्या बायकांच्या मागं, मान खाली घालून ऐकायचे. यांनी ते पाणी अजून बघितलेलं नाही.