वरीलप्रमाणे

दुसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाला आमची अख्खी इमारत ‘मुद्देसूद’ म्हणते. माणूस बायकोशी भांडतानाही आकडे घालतो. "एक, डबा मी विसरलो नाही. दोन, तू दिलाच नाहीस." बायको म्हणते, "तीन, आता उपाशी जा!" पण कागदावर त्याचा हात धरणारा कचेरीत कोणी नव्हता. सव्वीस वर्षांत त्याच्या टिप्पणीत काना-मात्रेची चूक निघाली नव्हती, आणि हे तो कोणी न विचारताही सांगायचा.

म्हणूनच सरकारने कार्यक्षमता व सुधारणा असं नवं खातं काढलं, तेव्हा त्याची तिथे वर्णी लागली. स्वारी हवेतच! कचेरीच्या तिसऱ्या मजल्याच्या टोकाला चार खोल्या, त्यातल्या एकीत नुसत्या मोडक्या खुर्च्या, आणि एक कोरे करकरीत मंत्री. कार्यक्षमतेच्या खात्याला संगणक काही मिळाला नाही, सगळं हातानेच. ते मंत्रिपद सात महिने टिकलं. आमच्या जिन्यातला बल्बसुद्धा त्याहून जास्त टिकतो. पण तेवढे महिने मुद्देसूद दोन-दोन पायऱ्या घेत घरी यायचा.

त्याच कचेरीच्या तळघरात त्याचा थोरला भाऊ अभिलेखपाल होता, म्हणजे जुन्या फायलींचा राखणदार. घरी दोघांची दारं समोरासमोर. वडील अकाली गेले, तेव्हा दादाने कॉलेज सोडून नोकरी धरली आणि धाकट्याला शिकवलं. त्या गडबडीत त्याचं लग्न राहून गेलं. जेवायला धाकट्याकडे, बाकी सगळा जीव त्या तळघरात. कुठली फाईल कुठल्या कप्प्यात, हे तो बसल्या जागी सांगायचा. निवृत्तीला तीन वर्षं होती. पुढे काय करणार, असं विचारलं की विषय बदलायचा.

मंत्र्यांचं पहिलंच फर्मान निघालं: अनावश्यक पदांची यादी करा. मुद्देसूदने सहा महिने खपून चाळीस पदं काढली आणि मजल्यांप्रमाणे वरून खाली मांडली. शेवटचं पद तळघरातलं. ते वगळावं, तर सख्ख्या भावाला झुकतं माप दिलं असं झालं असतं. म्हणून त्याने ते घातलं, पण कोणाच्या केसालाही धक्का लागू नये अशी सोय करून. पहिल्या पदापुढे शेरा लिहिला, ‘पदावरील व्यक्ती निवृत्त झाल्यावर रद्द’. त्याखाली एकोणचाळीस वेळा कारकुनांचा लाडका शब्द, ‘वरीलप्रमाणे’.

यादी सहीला गेली, तेव्हा मंत्री घड्याळ बघत म्हणाले, "अहो, तळमजल्यावरच्या लिफ्टवाल्याचं पद रिकामंच आहे ना? तेही घाला. चटकन."

मुद्देसूदने शेवटचं पान नव्याने लिहून काढलं. लिफ्टवाला, तळमजला: ‘तत्काळ रद्द’. त्याच्याखाली तळघर, अभिलेखपाल. हात सवयीने चालला: ‘वरीलप्रमाणे’.

आठवड्याभरात दादाच्या हातात पत्र पडलं. तत्काळ कार्यमुक्त.

मुद्देसूदने यादी पुन्हा वाचली. दादाच्या ‘वरीलप्रमाणे’च्या वर आता लिफ्टवाल्याचं ‘तत्काळ रद्द’ होतं. तो मंत्र्यांकडे धावला. मंत्री भले गृहस्थ होते. "शुद्धिपत्रक करून आणा, सोमवारी सही करतो," म्हणाले. शनिवारी मंत्रिमंडळात फेरबदल झाले. सोमवारी मंत्री नव्हते, खातंही नव्हतं, आणि शिपाई स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होता.

शुद्धिपत्रक घेऊन मुद्देसूद खोल्याखोल्यांतून फिरला.

"ज्या खात्याने आदेश काढला, त्यानेच दुरुस्त करायचा," सगळीकडे एकच उत्तर.

"पण साहेब, खातंच गेलं."

"मग दुरुस्त कोण करणार? आदेश कायम."

चार दिवस दादा जेवायला आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी मुद्देसूद यादी घेऊन समोरच्या उंबऱ्यात उभा राहिला. दादा कचेरीचे कपडे घालून, बूट बांधून खुर्चीत बसला होता.

"दादा, चूक झाली रे. ओळ मध्ये घातली, आणि खालचा शेरा..."

"तू आणि चूक?"

"तुझी शपथ."

दादाने चष्मा लावला आणि शेवटचं पान उजेडात धरलं. पस्तीस वर्षं कागदच बघितलेला माणूस तो. "बाकीची पानं जुनी आहेत. हे एकच नवं लिहिलंस. माझ्या नावाचं. एक खाडाखोड नाही, ओळ वाकडी नाही. घाईत लिहिलेला कागद असा असतो का रे?"

"माझा असतो, दादा. माझा असाच असतो."

"हो. चार लोकांत मीच सांगायचो ते." दादाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या नव्या साहेबांपुढे तळघरातला भाऊ नको होता, तर सरळ बोलायचं, वेड्या. मीच राजीनामा लिहून दिला असता. तुझ्यासाठी कुठली गोष्ट सोडायची राहिली होती?"

दादाने कागद जुन्या घडीवरच नीट दुमडून त्याच्या हातात ठेवला आणि आत जाऊन बूट सोडू लागला. दार त्याने लावलं नव्हतं. आत जायला धाकट्याला तोंड नव्हतं.