लाइट गेल्यावरचं वाचन

वसंता गेल्याचं सलीमभाईंनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या मागे कारखान्यातले कापडाचे लूम चालू होते. मला ऐकू येईना, म्हणून त्यांना ती बातमी पुन्हा ओरडून सांगावी लागली. अशी बातमी ओरडून सांगावी लागते ती आमच्या यंत्रमागांच्या निजामपुऱ्यातच…

वसंत भोईर मूळचा जवळच्या दिघाशी गावचा. आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो. निवृत्तीनंतर मास्तर लोक आत्मचरित्र लिहितात किंवा एकमेकांचे सत्कार करतात. वसंताने ब्लॉग काढला. कुठल्या गल्लीला पाणी येणार नाही, गणेशपुरीची एसटी कुठे अडकली, दिघाशीत भातावर कसली कीड पडली, असला मजकूर. मी म्हणालो, ब्लॉगचे दिवस संपले, आता लोक व्हिडिओ बघतात. तो चहाचा ग्लास ठेवून उभाच राहिला. “जगाला शहाणपण शिकवणाऱ्यांचे ब्लॉग संपले रे. बरं झालं. आता गावांची पाळी!” माणूस साठी उलटल्यावर इतका उत्साही असणं मला संशयास्पद वाटायचं. वर्षभरात मीही रोज सकाळी वर्तमानपत्राआधी तो ब्लॉग उघडू लागलो.

त्याचा एक नियम होता. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याने ते आधी समोर बसून ऐकायचं; त्याचं म्हणणं शेवटी जोडायचं. हे वाचन सलीमभाईंच्या कारखान्यासमोर, चहाच्या टपरीवर, आणि तेही लाइट गेल्यावर. लूम चालू असताना तिथे शेजारच्याचंही ऐकू येत नाही. लाइट गेली की कारागीर घाम पुसत बाहेर येत, वसंता निळ्या स्टुलावर बसून मोबाइलवरून वाचू लागे. मराठी न कळणाऱ्यांना सलीमभाई हिंदीत सांगत, थोडा मसाला घालून. लाइट गेली की सगळीकडे वीज कंपनीला शिव्या पडतात. आम्हीही द्यायचो, पण वाचन संपल्यावर.

एकदा एका पुढाऱ्याने पाण्याच्या टाकीचं उद्घाटन केलं. वसंताने हार, ढोल, भाषणं, सगळं मनापासून लिहिलं आणि टाकी कोरडी असल्याचंही लिहिलं. पुढारी लवाजम्यासह ऐकायला आला. ऐकून म्हणाला, “मास्तर, हारांचं राहू द्या, पाण्याचं काढा.” वसंताने दोन्ही ठेवलं आणि खाली त्याचं म्हणणं जोडलं, शब्दाला शब्द: हारांचं राहू द्या, पाण्याचं काढा. तालुक्याने इतकं वाचलेलं दुसरं काही मला आठवत नाही.

वसंताला शेवटचा भेटलो ते त्याच्या दिघाशीच्या घरी. आवाज बसला होता, पण हात हवेत नकाशे काढत होते. गणेशपुरीचा वेगळा ब्लॉग, पाड्यांवरचा वेगळा, प्रत्येक गावाला आपला लिहिणारा. “आणि इथला कोण लिहिणार?” मी विचारलं. त्याने बायकोकडे, सुमनवहिनींकडे बोट दाखवलं. आजारपणात तो सांगायचा आणि त्या टाइप करायच्या.

“मला न्हाय जमनार. तुमच्यासारखं माझं कोन ऐकल?”

“तू वाच तर. ऐकतात की नाही ते नंतर बघू.”

तो गेल्यावर ब्लॉग एसटीच्या बदललेल्या वेळेवरच थांबला. खाली लोक विचारत होते, पुढचं कधी? मी मनातल्या मनात ब्लॉगलाही श्रद्धांजली वाहून मोकळा झालो होतो.

गेल्या आठवड्यात लाइट गेली आणि सुमनवहिनी मोबाइल घेऊन टपरीवर आल्या. स्टूल रिकामं होतं. त्या उभ्यानेच वाचू लागल्या. सुताचा कचरा तुंबून गल्लीचं गटार रस्त्यावर आलं होतं, त्याविषयी. कचरा कुणाच्या कारखान्याचा, हेही लिहिलं होतं. सलीमभाईंचा. वसंताच्या सगळ्यात जुन्या श्रोत्याचा.

कारागीर चहाच्या ग्लासात बघू लागले. तेवढ्यात लाइट आली. आजूबाजूचे लूम एकेक करत सुरू झाले, वहिनींचा आवाज बुडू लागला. सलीमभाईंच्या कारखान्यातून कुणीतरी विचारलं, मशीन चालू करू का? आवाज पूर्ण बुडायला तेवढंच बाकी होतं.

“बंद रहने दो,” सलीमभाई म्हणाले. मग निळं स्टूल पायाने पुढे सरकवलं. “बैठो भाभी. पूरा पढ़ो.”

वहिनी बसल्या. सलीमभाई कान पुढे करून ऐकत राहिले. वाचून झाल्यावर वहिनींनी पदराने मोबाइलची काच पुसली, टाइप करायला अंगठा उचलला आणि म्हणाल्या, “आता तुमचं म्हननं सांगा, भाई. खाली लिवायचं हाय.”