रेडिएटरमधली हळद

आमच्या मोसंबीच्या बागेतला जुना छोटा ट्रॅक्टर त्या उन्हाळ्यात पांढरा धूर ओकायला लागला. ऑइल काढून पाहिलं, तर दुधाच्या चहासारखं. हेड गॅस्केट फाटून इंजिनातलं पाणी ऑइलात उतरत होतं. माहेरी वडिलांच्या हाताखाली मी इंजिनं खोलली होती, म्हणून मीच पाने घेऊन बसले.

धाकटे दीर बाजेवर लोळत म्हणाले, "वैनी, काहून एवढा पसारा मांडून राहिल्या? रेडिएटरमंदी दोन मुठी हळद टाका, बराबर होतंय."

आमच्याकडं गळक्या रेडिएटरवर सगळे हाच इलाज करतात. मी म्हटलं, "भाऊजी, हे रेडिएटरचं गळणं न्हाई. हळदीनं पाण्याची वाट बुजंल."

इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, खोललं, पोत्यात बांधून, एसटीत मांडीवर धरून वसमतला नेलं आणि लेथवर घासून आणलं. नवं गॅस्केट बसवून मधल्या बोल्टपासून कडेपर्यंत एकेक बोल्ट आवळला. ट्रॅक्टर पहिल्याच दमात सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी इंजिन भलतंच तापलं. निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पिवळंधमक पाणी! आदल्या दिवशी मी हात धुवायला गेले तेवढ्यात भाऊजींनी आपला इलाज उरकला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाळही मीच धुऊन काढला.

तोवर पारावर बातमी पोचली होती, की भाऊजींच्या हळदीनं ट्रॅक्टर उठला. गावात आजही तेच सांगतात. मग महिनाभर माझ्या नखांतून निघत नव्हतं ते काळं काय होतं, मेंदी?