पार्किंगच्या दारातली हलगी

इंदापूरच्या स्टँडमागं पै-पै जोडून मी पार्किंग उभारलं. त्यावरचा नगरपालिकेचा वाढीव कर मला आजही अन्यायच वाटतो, म्हणून तो भरला नव्हता. तेव्हा थकबाकीदाराची लाज काढायला वसुलीवाले दारात हलगीवाला घेऊन आले. माझ्याच वयाचा, किडकिडीत माणूस. कागद पेटवून तो हलगी तापवत होता आणि गाड्या लावणारे थांबून बघत होते.

“गप बसायचं किती घेणार?” मी ओरडलो.

“लग्नात डीजे आलाय, तात्या. हलगीला आता अशीच दारं ऱ्हायली. वाजवू द्या.”

डोळे मिटून तो इतकं जीव ओतून वाजवू लागला, की माझी शिवी तोंडातच राहिली. गर्दी वाढली तसा मी चेक फाडला. वसुलीच्या साहेबानं हात वर करताच हलगी थांबली.

“एवढ्यात भरला व्हय?” म्हणत तो माझ्याकडं बघत राहिला. मघाशी त्याला गप बसायची किंमत विचारली होती; आता त्याला वाजवत ठेवायला माझ्याकडं थकबाकीच उरली नव्हती.