बंदूक सोडून सगळं

सिंदी मेघेतल्या आमच्या घरी, बैठकीच्या भिंतीवर सागवानी पाटी आहे आणि तिला दोन पितळी खुंट्या. त्या बंदुकीसाठी आहेत. बंदूक नाही.

पाहुणा आला की आमचे हे त्याला खुंट्यांसमोर उभं करतात आणि महायुद्धातल्या स्नायपर रायफलीवर बोलायला लागतात. मग कपाटातून कातडी पट्टा निघतो, तेलाची कुपी, कॅनव्हासची खोळ आणि शेवटी बंदुकीवर बसवायची दुर्बीण. कचेरीत आवक-जावक सांभाळता सांभाळता यांनी हे सगळं जमवलं. पुलगावच्या भंगारवाल्यांपासून म्हाताऱ्या फौजींपर्यंत कुणाला म्हणून सोडलं नाही. पण लष्करी मापाच्या बंदुकीचा नवा परवाना साध्या माणसाला मिळत नाही. त्यामुळे आमचा संग्रह म्हणजे मांडव, बँड, घोडी सगळं हजर, नवरदेव तेवढा नाही.

पाहुणे मात्र फार सभ्य. खुंट्यांमधल्या कोऱ्या भिंतीकडे मान तिरपी करून बघतात. "नळी चांगली लांब असंल, नाई?" असं एकजण खरोखर म्हणाले होते. चहाचा ट्रे धरून मी हे सगळं इतक्यांदा ऐकलं की व्याख्यान मला पाठ झालं. श्वास अर्धा सोडायचा, चाप ओढायचा नाही, दाबायचा. शेवट ठरलेला.

"नेमबाज एकटा नसते. बाजूले साथीदार राह्यते. गोळी सुटली का धक्क्यानं नेमबाजाले काई दिसत नाई. कुठं लागली ते साथीदारानं सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा."

या घरात माझा शब्द कधीच शेवटचा नव्हता, म्हणून मला हे वाक्य विशेष आवडायचं. बाकी यांनी स्वतः आयुष्यात एक गोळी झाडलेली नव्हती. ती एकदा झाडायची, एवढीच इच्छा उरली होती.

मग आंजीचे एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली, जुन्या परवान्याची, अगदी त्याच जातीची रायफल होती. मुलाला तिची आवड नव्हती, म्हणून ते ती सरकारजमा करणार होते. "त्याच्याआधी रायफल क्लबच्या मैदानावर एकडाव चालवू. तुमची दुर्बीण घेऊन येजा," ते म्हणाले. नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यातही सुरुवात आहे, उजवा लगेच काढा.

"आधी गोळी, मंग डोळा," हे म्हणाले.

"मंग डाव्या डोळ्यानं मारा ना."

मी डाव्या हातानं जेवायला सांगितल्यासारखं यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर सतरंजी टाकून, पोछ्याचा दांडा खांद्याला लावून सराव सुरू झाला. शेजारीण खालून विचारायची, "काकू, काकाची पाठ धरली काय?" मी हो म्हणायचे. खरं सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

मैदानावर म्हाताऱ्यानं बंदूक काढली आणि यांनी दुर्बीण तिच्यावर चढवली. ती बसली. इतकी वर्षं कपाटात पडलेली वस्तू आपल्या जागी गेली, तेव्हा यांनी तिच्यावरून दोनदा रुमाल फिरवला. मला एकदम माया आली, आणि त्या डोळ्यापायी संतापही. गोळ्या दोनच उरल्या होत्या. एक म्हाताऱ्यानं आजोबांच्या नावानं समोरच्या मातीच्या ढिगात मारली. दुसरी यांना दिली.

हे पालथे झाले. साथीदार म्हणून मी बाजूला बसले. बराच वेळ काहीच होईना.

"दिसते का तुमाले?"

"दिसते ना. धुकं हाय जरासं."

भर उन्हाची वेळ होती. डोक्यावरचा पदर चटके देत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बार झाला. कान सुन्न झाले. यांनी मान न वळवताच विचारलं, "कुठं लागली?"

म्हातारा आणि मी चालत ढिगापुढे लावलेल्या निशाणाच्या कागदापर्यंत गेलो. मधलं काळं वर्तुळ जसंच्या तसं होतं. भोक खालच्या डाव्या कोपऱ्यात, अजून बोटभर सरकलं असतं तर कागदाबाहेर. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उगाच पागोटं सारखं करायला घेतलं. मी तिथूनच ओरडले, "मधात!"

तो कागद काचेत बसून खुंट्यांवर चढला. आता पाहुणे कोपऱ्यातलं भोक बघायचे, कानांनी "बरोब्बर मधात" ऐकायचे आणि माना डोलवायचे. कोऱ्या भिंतीवर झालेला सराव त्यांना कामी आला.

मग डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी काळा चष्मा लावून हे घरात आले आणि चपला न काढता भिंतीपाशी गेले. मी स्वयंपाकघरात. चहा उतू गेला तरी गॅस बंद करायचं सुचेना. डोकावले तर यांचं बोट काचेवर, कोपऱ्यात टेकलेलं. "चहा झाला का?" एवढंच विचारलं.

रविवारी गणिताचे एक मास्तर आले. व्याख्यान साग्रसंगीत झालं, "बरोब्बर मधात"सकट. मास्तरांनी चष्मा पुसून कागदाला नाक लावलं.

"पण साहेब, भोक तं कोपऱ्यात दिसून राह्यलं."

ट्रेमधले कप वाजायला लागले. यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, आणि ट्रे माझ्या हातातून घेतला.

"सर," हे म्हणाले, "साथीदाराचा शब्द शेवटचा."